समोरच्या घरात कोणी टिकत नाही

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये काहीतरी आहे, हा शोध माझ्या आईने लावला. उज्जैनला नानाखेड्याच्या पुढे या नव्या बिल्डिंगमध्ये राहायला येऊन आम्हाला जेमतेम महिना झाला होता. मी ऑफिसातून आले, चप्पल काढतेय तोवर आईने आतून कडी लावली आणि हळू आवाजात म्हणाली, "गेले."

"कोण गेले?"

"समोरचे. परवा तर आले होते. आज दुपारी बॅगा घेऊन चालले गेले. तुला सांगते, त्या घरात कोणी टिकत नाही."

तेव्हा मी हसले होते. पुढे या एका वाक्यावरून आमचं स्वतःचं घर आमच्याकडे राहतं की जातं, इथपर्यंत वेळ आली. त्या सगळ्यात कोण बरोबर होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. जसं झालं तसं लिहिते.

उज्जैनमधली जुनी मराठी माणसं सांगतात की आम्ही दरबाराबरोबर आलो. आम्हीही तेच सांगतो. फरक एवढाच की बाकीचे कारकून नाहीतर पुजारी म्हणून आले आणि आमचे पूर्वज त्यांच्याकडे पाणी भरायला आले. मला त्याची लाज नाही. बाबा कपड्याच्या मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर शेवटपर्यंत लोडिंग रिक्षा चालवत होते. आईने लोकांच्या लग्नामुंजीत स्वयंपाक केला. घरात कॉलेज पाहिलेली पहिली मी. बी.कॉम. झाले त्या वर्षी आईने सर्टिफिकेट फ्रेम करून देवघराच्या वर टांगलं. आता मी फ्रीगंजमध्ये एका विम्याच्या ऑफिसात आहे, घर मी चालवते, आणि या फ्लॅटच्या रजिस्ट्रीवर नाव माझं आहे. आमच्या घराण्यात जमिनीच्या कुठल्याही कागदावर आलेलं हे पहिलं नाव. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जी काही भानगड झाली तिच्यात माझा जीव कुठे अडकला होता ते कळायला हवं.

आधी आम्ही महाकाळाजवळच्या एका गल्लीत दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. माझा जन्म तिथलाच. मकान मालिक मराठीच, जुने ओळखीचे. करार वगैरे काही नव्हता. ज्या दिवशी आजोबांनी येऊन मालकांना नमस्कार केला, तोच करार. मग मंदिराचा परिसर मोठा झाला, बाहेरगावची गर्दी वाढली आणि गल्लीतलं एकेक घर होमस्टे व्हायला लागलं. मालकांचा मुलगा पुण्याहून आला, खोल्या मोजून गेला. पुढच्या महिन्यात मालकीणबाई वर आल्या. आईला हळदकुंकू लावलं (बाबा गेल्यावरही गल्लीने ते थांबवलं नव्हतं), नारळ आणि साडीचोळी देऊन ओटी भरली, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "दिवाळीच्या आत रिकामं करून द्या हो."

आई खाली वाकून त्यांच्या पाया पडली. मी ओट्याजवळ उभी राहून बघत होते आणि मला कळेना, आपल्याला काढतायत की आपली पाठवणी करतायत. भांडावं तर कोणाशी? ती साडी आईने अजून नेसलेली नाही आणि कोणाला दिलेलीही नाही.

भाड्याचं घर शोधायला निघाले तर मिळेना. जो तो म्हणे, सिंहस्थाच्या आधी खाली करावं लागेल. शेवटी मी ठरवलं, बस झालं, आता कोणाच्या दारात उभं राहायचं नाही. टॉवर चौकाजवळ एका बिल्डरचं ऑफिस होतं. तिथल्या पोराने आम्हाला गाडीत बसवून साइटवर नेलं. चार मजले, प्रत्येक मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट. "फॅमिली सोसायटी है आंटीजी, सब सर्विस क्लास," तो आईला सांगत होता. आईने पिशवीतून बाबांचं जुनं होकायंत्र काढलं. मिलमधल्या कोणीतरी त्यांना दिलेलं.

"दार दक्षिणेला आहे," आई म्हणाली. "नको."

पोरगा जराही गडबडला नाही. "आंटीजी, अपने तो राजा ही दक्षिणमुखी हैं. उज्जैन में दक्षिण का क्या डर?"

आईने होकायंत्र परत पिशवीत ठेवलं. मंदिरातला देव दक्षिणेकडे तोंड करून बसलेला, मग आपण कोण लागून गेलो? शिवाय समोरचा उत्तरेच्या दाराचा फ्लॅट इंदूरच्या एका माणसाने आधीच घेऊन टाकला होता. आम्ही दक्षिणेचा घेतला. बँकेचं कर्ज मिळालं. गृहप्रवेशाला आईने एकटीने चाळीस माणसांची श्रीखंड-पुरी केली आणि कोणाला हात लावू दिला नाही.

आता आईची एक पद्धत आहे, आणि ती एकट्या तिची नाही. आमच्या गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की पहिल्या दिवशी शेजारच्यांनी चहा आणि एक वेळचं जेवण द्यायचं. नव्या माणसाचा गॅस जोडलेला नसतो, मीठ कुठल्या पोत्यात आहे ते सापडत नसतं. यात विचारायचं नसतं, नेऊन द्यायचं. जात, गाव, नोकरी हे सगळं नंतर, डबा परत येतो तेव्हा विचारायचं.

आम्ही राहायला आल्यावर आठवड्याभरात समोर एक गुजराती कुटुंब आलं. आजी, मुलगा, सून, दोन नातवंडं आणि केवढं तरी सामान. आईने पोहे नेले, रात्री पोळी-भाजी, वरण-भात. आजींनी आईला मिठीच मारली. आई खूश. "चांगली माणसं मिळाली हो," मला म्हणाली. तिसऱ्या दिवशी ती मंडळी गेली. आमचा डबा तेवढा आमच्या दाराच्या हँडलला लटकवलेला.

मग एक जोडपं आलं. मग नागपूरचे लोक आले, चक्क मराठी. आईला आकाश ठेंगणं झालं. तिने त्या बाईला चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रणही देऊन टाकलं, आणि चैत्राला अजून दोन महिने होते. ती बाई गोड हसून "हो, नक्की येईन" म्हणाली आणि सोमवारी दार बंद. डबासुद्धा तिच्याबरोबर नागपूरला गेला.

मी शिकलेली. मला तर कळायला हवं होतं. पण मी सकाळी साडेनऊला जायची ते संध्याकाळी सातला यायची, आणि समोर ना पाटी, ना काउंटर. गल्लीत होमस्टेला केवढाल्या पाट्या असत. इथे दाराला फक्त एक नंबरांचं कुलूप होतं. ते मला श्रीमंत लोकांची हौस वाटली. मी माझ्यापुरतं ठरवलं होतं की कुठल्या तरी कंपनीने बदलीवाल्यांसाठी तो फ्लॅट घेतला असेल. आईचा तर्क वेगळा होता, आणि खरं सांगायचं तर तिच्याकडे पुरावे माझ्यापेक्षा जास्त होते.

"हे बघ," ती मला समजावून सांगे, "कोणी गेलं रे गेलं की एक बाई येते. सगळं घर फिनाइलने धुऊन काढते, चादरी काढून नेते, शेवटी धूप लावते. दर वेळी. साध्या घरात कोणी इतकं करतं का? आणि उत्तरेचं दार असून हे हाल. नक्की पायाभरणीत काहीतरी चुकलंय."

"आई, फालतू काही बोलू नको."

"तू शिकलीस, तूच सांग मग. का टिकत नाहीत?"



पुढे जे झालं ते आईच्या चांगुलपणातून झालं. समोर जबलपूरकडचं एक कुटुंब आलं, त्यांची सून पोटुशी होती. आई पोहे घेऊन गेली आणि तिला राहवलं नाही. त्या मुलीच्या सासूला बाजूला घेऊन आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत म्हणाली, "बुरा मत मानना, पर इस घर में कोई टिकता नहीं. आपके पहले कितने बिऱ्हाड आए और गए. बहू को ऐसे में मत रखो."

ते लोक तासाभरात निघून गेले. पोहे अर्धे खाल्लेले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझा फोन वाजला. समोरच्या फ्लॅटचे इंदूरचे मालक.

"मैडम, आपकी मम्मी मेरे गेस्ट को क्या बोल रही हैं? उन्होंने फोटो के साथ लिख दिया है कि फ्लैट में कुछ है, पड़ोस की आंटी ने खुद बताया. मेरी बुकिंग कैंसल हो रही हैं."

"गेस्ट?" मी म्हणाले. "कौन से गेस्ट?"

 मग त्यांनी लहान मुलाला सांगावं तसं मला सांगितलं. फ्लॅट रोजच्या भाड्याने जातो. मोबाइलवर बुक होतो, कुलपाचा नंबर मेसेजने जातो, दर्शन करून लोक परत जातात. त्यांचा एकट्याचा नाही, बिल्डिंगमधले आठापैकी सहा तसेच आहेत. उरलेल्या दोनांत एक आमचा, आणि एक तळमजल्यावर बंद पडलेला, ज्याचे मालक परदेशात.

म्हणजे त्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये राहणारे फक्त आम्ही होतो. मी आणि आई.

घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं ती ओशाळेल. ती भाजी निवडत होती, तशीच निवडत राहिली.

"मग त्यांनी सांगितलं का नाही?" ती म्हणाली. "पोहे खाताना तोंड होतं ना? सांगायचं, आम्ही दोन दिवसांचे आहोत. मी काय दिले नसते का पोहे?"

"दिले असतेस?"

तिने विचार केला. "चहा दिला असता," म्हणाली.

नंतर थोड्या वेळाने, "पण मी खोटं काय बोलले? टिकत नाहीच कोणी."

त्या रविवारी खाली पार्किंगमध्ये मीटिंग झाली. मालक मंडळी इंदूर, भोपाळहून गाड्या घेऊन आली, एकजण फोनच्या पडद्यावर होता. सगळे माझ्याशी फार अदबीने बोलले. त्याचंच मला वाईट वाटलं. भांडले असते तर मीही भांडले असते, मला ते येतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. सगळी बिल्डिंग एका कंपनीला चालवायला द्यायची, खाली रिसेप्शन काढायचं, छतावर नाश्त्याची सोय करायची. मधेच एक घर राहतं ठेवलं तर जमत नाही. आम्हीही फ्लॅट कंपनीला द्यावा, नाहीतर इंदूरचे मालक तो विकत घेतील, आम्ही दिले त्यापेक्षा पुष्कळ जास्त भावाने.

"और आंटीजी का मन भी नहीं लगता होगा यहाँ," एकजण म्हणाला. "न पड़ोस, न कोई."

आई माझ्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. ती म्हणाली, "लगता तो नहीं है."

मला धक्का बसला. घरी आल्यावर मी विचारलं, "तुला विकायचंय?"

"मला काय विचारतेस? तुझ्या नावावर आहे."

"तरी पण."

"मला इथे कोणी हाक मारत नाही," आई म्हणाली. "दुपारी खिडकीत उभी राहते तर खाली नवीनच माणसं. कोणाला हसायचं आणि कोणाला नाही, कळत नाही. पण तुझं नाव काढून टाक म्हणायला माझी जीभ पण रेटत नाही. तूच बघ बाई."

तेव्हापासून मी गोंधळले ती गोंधळलेच. इंदूरकरांनी उत्तरासाठी महिन्याची मुदत दिली होती. माझं कॉमर्स मला सांगत होतं, विकून टाक. इतका फायदा पगारातून जन्मात होणार नाही. पण विकून जायचं कुठे? मी म्हटलं, आधी दुसरं घर बघू, मग उत्तर देऊ. त्यांनीच एक दलाल लावून दिला. बोलका माणूस, साधारण माझ्याच वयाचा. त्याच्या स्कूटरमागे मी मैत्रिणीच्या स्कूटीवर, असे आम्ही तीन रविवार फिरलो.

पहिल्या रविवारी ऋषीनगरकडचं एक चांगलं घर दाखवलं. मालकीणबाईंनी चहा दिला, मी काय करते विचारलं, आईची चौकशी केली, आणि मग म्हणाल्या, "बेटा, महीने वाले तो अब हम रखते नहीं." दुसऱ्या रविवारी देवास रोडला प्लॉट बघितले. कापलेल्या गव्हाचं शेत, त्यात चुन्याच्या रेषा, आणि एका रेषेवर उभा राहून दलाल म्हणाला, "दीदी, ये आपका गार्डन." मी विचारलं, घर कधी बांधतील लोक? तो म्हणाला, "बनाएगा कौन? आगे बेचेंगे." तिसऱ्या रविवारी एक तयार फ्लॅट आवडला. पण तिथेही समोरच्या दाराला नंबरांचं कुलूप दिसलं आणि पाय आपोआप मागे आले.

मधल्या काळात मला एक वाईट सवय लागली. मोबाइलवर एक अ‍ॅप आहे, पत्ता टाकला की आपल्या घराचा भाव दाखवतं. बसस्टॉपवर, लंचमध्ये, मी आमच्याच घराचा भाव बघायची. कधी वर, कधी खाली. घरात काही बदललेलं नसायचं. नळ तोच, आईचा कुकर तोच. वर गेला की मला वाटे विकू या, आणि खाली गेला की वाटे आता कसं विकणार. म्हणजे माझं मन माझं राहिलंच नव्हतं.

मुदत संपायच्या दिवशी दलाल संध्याकाळी घरी आला. इंदूरकरांनी बयान्याचे पैसे त्याच्याबरोबर पाठवले होते. मी हो म्हणायचं ठरवून बसले होते. आईलाही सांगितलं होतं. तिने चहा केला, सोबत चकल्या ठेवल्या.

"बहुत अच्छा किया दीदी," तो म्हणाला. "ऐसा भाव दोबारा नहीं आएगा."

आईने विचारलं, "घेणारे इथे येऊन राहणार का?"

"आंटीजी, आजकल रहता कौन है? मकान चलता है."

"चलता है तो चलने दो," आई म्हणाली. "हम तो बैठे हैं."

तो मनापासून हसला. मग त्याने मोबाइल काढला आणि माझ्याकडे सरकवला. "आपके लिए एक चीज़ रखी है. अभी किसी को दिखाया नहीं." एक मोठी बिल्डिंग, पुढे कारंजं. तिथे म्हणे आता फ्लॅट विकत नाहीत, खोलीतला हिस्सा विकतात. एका खोलीचे बरेच मालक. भाडं वाटून घ्यायचं, आणि प्रत्येक मालकाला वर्षातले ठराविक दिवस फुकट राहता येतं.

"साल में पंद्रह दिन आपके," तो म्हणाला. "रजिस्ट्री में नाम भी आएगा."

"आणि बाकीचे दिवस?" मी विचारलं. मराठीतच. मग हिंदीत, "बाकी दिन हम कहाँ रहेंगे?"

त्याने खरोखर विचार केला. थट्टा करत नव्हता. चकली हातात तशीच धरून म्हणाला, "वो तो दीदी... आपका जो घर होगा, वहाँ."

मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे. आम्ही दोघी हसलोही नाही.

"भैया, बयाना वापस ले जाओ," मी म्हणाले. "हमको नहीं बेचना."

तो बिचारा फार समजावत बसला. मला त्याला कारण देता आलं नाही. तत्त्व वगैरे काही नव्हतं. त्याच्या त्या उत्तरानंतर मला डोळ्यांसमोर जागाच दिसेना, की उद्या सकाळी आईचा कुकर नेऊन कुठे ठेवायचा. इतकंच. जाताना तो दारात म्हणाला, "सोच लो दीदी." मी म्हटलं, सोचकेच बोलते आहे. ते खरं नव्हतं.

इंदूरकर चिडले. मीटिंगनंतर मालकांनी काढलेल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन-चार टोमणे आले, "एक जने की वजह से" वगैरे. मीही लिहिलं की घर राहायला घेतलंय, आणि माझ्या कागदावर फॅमिली सोसायटीच लिहिलेलं आहे. मग ग्रुप शांत झाला. कंपनी आली नाही. आमच्यामुळे आली नाही, की तिला दुसरीकडे मोठी बिल्डिंग मिळाली, कोण जाणे. मी पैशाने शहाणपण केलं की मूर्खपणा, तेही माहीत नाही. ऑफिसातले लोक मूर्खपणा म्हणतात. अ‍ॅप मात्र मी काढून टाकलं, निदान बसस्टॉपवर आता बस दिसते.

समोरचा फ्लॅट बरेच दिवस रिकामा होता. मागच्या आठवड्यात तिथे एक जोडपं आलं. इंदूरकरांनी म्हणे महिन्याच्या भाड्याने दिलाय. आईच्या त्या बोलण्याचा डाग अजून इंटरनेटवर आहे म्हणून की दर्शनाचा हंगाम मंद आहे म्हणून, ते त्यांनाच ठाऊक. आई सगळा वेळ दार किलकिलं करून बघत होती. फ्रिज आला, कपाट आलं, गॅसचा सिलिंडर आला.

मी संध्याकाळी आले तेव्हा तिने पुन्हा कडी लावली.

"सिलिंडर आणलाय," म्हणाली.

"मग? राहणारे असतील."

"मी विचारलं, कितने दिन? तर ती म्हणते, आंटी, यहीं बैंक में पोस्टिंग है, तीन साल तो हैं." आईने तोंड वाकडं केलं. "तीन वर्षं म्हणे!"

"तू काही भलतं बोलली नाहीस ना त्यांना?"

"काय बोलू? मलाच काही समजेनासं झालंय." ती ओट्याशी गेली, गॅस लावला, चहाचं आधण ठेवलं. आमच्या दोघींपुरतंच. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोन दिवस जाऊ दे. असले तर नाव विचारू."